भिंगरीचं स्थळ

दोन हजार तेवीस साल. मला त्र्याहत्तरावं चालू होतं आणि माझ्या नातीला तेविसावं. तोवर तिला एका जागी बसून जेवताना आमच्या घरात कुणी पाहिलं नव्हतं. भाकरीवर शेंगदाण्याची चटणी घालायची, वर करडीच्या तेलाची धार सोडायची, भाकरीची गुंडाळी करायची आणि ओसरीपासून फाटकापर्यंत चालत चालत खायची. फाटकाला हात लावून परत. तिची आजी म्हणायची, "हिला सासरी ताट वाढून उपेग न्हाई. रस्ता वाढावा लागंल." शाळेतलं नाव वेगळं होतं, पण घरात, गल्लीत आणि आमच्या निम्म्या तलवाडा गावात ती भिंगरीच.

आमचं पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. मी चौथीतून शाळा सोडली ती याच दुकानासाठी, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. माझा मुलगा आता गल्ल्यावर बसतो, सून अंगणवाडीत जाते. त्यामुळं भिंगरी लहानपणी दुकानातच असायची. मोटारीच्या पोटात हात घालून बसायची. एखादी गोष्ट समजावून सांगितली की तिचं एकच ठरलेलं, "मंग पुढं?" पाणी विहिरीतून पाइपात येतं. मंग पुढं? टाकीत जातं. मंग पुढं? वावरात जातं. मंग पुढं? शेवटी मी चिडून म्हणायचो, "पुढं माझं डोकं." ती हसायची आणि दुसऱ्या कुणाला तरी गाठायची. तिच्या मास्तरांनी एकदा मला रस्त्यात थांबवून सांगितलं, आप्पा, तुमच्या नातीमुळं माझा धडा पुरा होत नाही. मी म्हणालो, मग धडा लहान ठेवा.

कपिलधारला आम्ही सालाबादप्रमाणं जायचो. ती आठ-नऊ वर्षांची असेल. सगळे दर्शनाच्या रांगेत, आणि ही गायब. तिची आई रडकुंडीला आली. मी शोधत शोधत धबधब्याशी गेलो, तर ही कठड्याला धरून मान वर करून उभी, नखशिखांत भिजलेली. मी हात उगारला होता. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "आप्पा, पाणी खाली पडायच्या आधीच फुटतंय. कावून?" मी हात खाली घेतला. ओल्या कपड्यांनीच तिनं देवाला नमस्कार केला आणि येताना सगळ्या वाटेनं मला तेच विचारत राहिली.

संभाजीनगरला राहून ती यंत्रांची इंजिनिअर झाली. पुढच्या शिक्षणाची परीक्षाही दिली, त्यात चांगले गुण मिळाले. त्या उन्हाळ्यात घरी आली तेव्हा पाहुणेरावळे लग्नाचं बोलायला लागले होते. हिनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं की मला अजून शिकायचंय, अवकाशातलं शिकायचंय. गावात दोन दिवस तोच विषय. पारावर एकानं मला छेडलं, "आप्पा, नात चंद्रावर दुकान टाकती का?" मी म्हणालो, "टाकंल. तुला पाइप लागला तर सांग, धाडून देऊ." पण मलाही नेमकं माहीत नव्हतं की ही काय शिकणार आहे.

एकदा दुकानात बसवून तिनं मला सांगितलं. बसवून मला, ती स्वतः उभीच. म्हणाली, यातही तीन वाटा आहेत. विमानाचं शिकलं तर हवा सोबतीला असते, तिच्यावर भार टाकता येतो. उपग्रहाचं शिकलं तर वर पोचल्यानंतरचं सगळं सांभाळायचं. आणि इंजिनाचं शिकलं तर वर न्यायचं काम आपलं. सकाळी म्हणायची उपग्रह, संध्याकाळी म्हणायची इंजिन. तिच्या येरझाऱ्यांनी ओसरीची फरशी गुळगुळीत झाली. मी म्हणायचो, एक काय ते ठरव. ती म्हणायची, "आप्पा, दोन वर्षांचं न्हाई हे. पुढचा जल्म त्याच्यावर हाय."

ते ठरलं ते दुकानात. एक जण मोटार घेऊन आला, चालू केली की आत खडे वाजल्यासारखा आवाज. आमच्याकडं असं नेहमी येतं. पंपाला पाणी पुरेसं मिळालं नाही की आत बुडबुडे होतात, ते फुटतात आणि पातं खातात. माझ्या मुलानं पातं बदलून दिलं, माणूस गेला. भिंगरी मात्र त्या खाल्लेल्या पात्यावरून बोट फिरवत उभी राहिली. म्हणाली, रॉकेटाच्या इंजिनातही पंपच असतो, इंधन ढकलायला. तिथं असे बुडबुडे झाले तर पातं बदलायलाही कुणी उरत नाही. त्या दिवसानंतर तिनं उपग्रहाचं नाव काढलं नाही.

मग मद्रासकडच्या एका मोठ्या सरकारी संस्थेनं कॉम्प्युटरवरून मुलाखत घेतली. आमच्या शेजारी पिठाची गिरणी आहे. मी गिरणीवाल्याला सांगून गिरणी बंद ठेवायला लावली. बायका डबे घेऊन ताटकळल्या, मला बोलल्या, मी ऐकून घेतलं. दारातून मला एवढंच कळलं की तिकडच्या साहेबांनी विचारलं, हातानं काय करून पाहिलंय, आणि हिनं त्या खडे वाजणाऱ्या मोटारीचं सांगितलं. पलीकडून हसू ऐकू आलं आणि मग बराच वेळ तिचंच बोलणं चाललं. आठवड्यानं जागा मिळाल्याचं कळलं.

पण तोवर मी माझं काम करून बसलो होतो.

आमच्यात पोरीचं काही ठरवायचं म्हणजे घरातल्या मोठ्यानं जाऊन पाहायचं, विचारायचं आणि चार माणसांत सुपारी फोडायची. सुपारी फुटली की शब्द गेला. मग आकाश कोसळलं तरी बदल नाही. मी माझ्या तिन्ही बहिणींची आणि लेकीची लग्नं अशीच ठरवली. नातीचं शिक्षण म्हणजे त्याहून लहान गोष्ट नव्हती, म्हणून मी तीच रीत धरली. माझी लेक मांजरसुंब्याला दिलेली आहे. तिथं चौकात व्याह्यांचं हॉटेल आहे. त्यांचा धाकटा मुलगा पुण्याच्या एका कॉलेजात शिकवतो, आणि त्या कॉलेजात चार-पाच वर्षांपूर्वी अवकाशाचा वर्ग निघाला होता. भिंगरीची मुलाखत झाली आणि तिकडचं काही कळायच्या आधीच मी मांजरसुंब्याला गेलो होतो. विचारायचं ते सगळं विचारलं. पाणी कसं आहे, जेवण घरच्यासारखं मिळतं का, मुलींच्या वसतिगृहाला भिंत आहे का, आपली माणसं किती अंतरावर. व्याह्यांचा तो मुलगा सुट्टीला घरीच होता, सरळ आहे, त्यानं खरं ते सांगितलं. जागा आहे, मी आहे, नजरेखाली राहील, म्हणाला. व्याही आनंदले. ट्रकवाले, गावातले दोघं-तिघं असे चार लोक बसलेले होते. नात पुण्यालाच शिकेल असं सांगून मी सुपारी फोडली. ज्याची चौकशी मला ठाऊक होती ती मी पुरी केली होती, त्यात काही कसर नव्हती.

घरी येऊन मी सांगितलं. भिंगरी ओसरीवर चालत होती. ऐकलं आणि ती खाली बसली.

मला वाटलं रडेल, भांडेल. भांडण मला चालतं. पण ती बसूनच राहिली. जेवायलासुद्धा ताटावर बसली. मद्रासकडची जागा मिळाल्याचं कळलं, तेही तिनं बसल्या जागेवरून सांगितलं, दुसऱ्या कुणाची बातमी सांगावी तसं. त्या दिवसांत घरातलं चालणं माझ्या पायात आलं. मला दुकानात करमेना, पारावर करमेना. मी फाटकापर्यंत जायचो आणि का आलो ते विसरून परत फिरायचो. मुलगा काही बोलायचा नाही, त्याची माझ्यापुढं बोलायची पद्धत नाही. म्हातारी मात्र एकदा ताट वाढता वाढता म्हणाली, "तुमचा शबूद लोखंडाचा हाय ना? मंग दुकानात ठिवा. इकंल तरी."

एका संध्याकाळी मी शटर ओढत होतो. भिंगरी पायरीवर येऊन बसली. म्हणाली, उद्या संध्याकाळपर्यंत तिकडं हो म्हणायचंय, नाहीतर जागा दुसऱ्याला जाते. मी कुलूप लावत राहिलो.

मग तिनं विचारलं, "आप्पा, आत्याचं लगीन ठरवताना तुमी मांजरसुंब्यात पयल्यांदा कुणाला इचारलतं?"

"त्येंच्या थोरल्या सुनंला. पाण्याला आली तवा गाठलं."

"सासऱ्याला कावून न्हाई?"

"सासरा चांगलंच सांगणार की."

"मंग मी बी सुनांलाच इचारलं."

तिनं दोन्हीकडं शिकून गेलेल्या मुलींचे फोन मिळवले होते. पुण्याच्या मुली म्हणाल्या, मास्तर फार चांगले, जेवण चांगलं, पण इंजिन आम्ही कागदावरच पाहिलं. आता आम्ही दुसऱ्याच कामाला लागलो. मद्रासकडच्या म्हणाल्या, पहिले सहा महिने रडू येतं, भाषा कळत नाही, भाताशिवाय काही मिळत नाही. पण तिथं जाड भिंतीमागं इंजिन खरोखर पेटवतात, कानावर हात ठेवून उभं राहावं लागतं. त्यातल्या दोघी आता जिथं रॉकेट तयार होतात तिथं कामाला आहेत.

"रडू येतं म्हणल्या," भिंगरी म्हणाली, "पर माघारी यावं वाटलं न्हाई म्हणल्या."

मी म्हणालो, "आन् माझा शबूद?"

"त्यो तुमचा हाय. मोडा म्हणून मी कदी म्हणणार न्हाई. तुमी सांगितलं तर पुण्याला जाईन, नीट शिकंन. तुमची मान खाली जाऊ देणार न्हाई." मग म्हणाली, "पर आप्पा, मी तिथं बसून जाईन."

तिला वाटलं असेल मला कळलं नाही. आठवडाभर मी तिला बसलेलं पाहत होतो, मला नाही कळणार तर कुणाला. मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. मला पायरीवर हो म्हणायची सवय नाही. चल, जेवायला वाढलं असेल, एवढंच म्हणालो.

आता ती मद्रासकडंच आहे. दोन वर्षं शिकली, आणि शिकून झाल्यावर त्याच भागात इंजिनाच्या पंपांवर कामाला लागली. दर रविवारी फोन येतो. आवाजावरून मला कळतं की ती चालत बोलते आहे. मध्येच धाप लागते, मध्येच कुणाला तरी बाजूला हो म्हणते. पहिले सहा महिने तीही रडली असावी, पण मला तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ती गेल्यापासून मी दुकानात येणाऱ्या पोरासोरांना काही सांगायला लागलो की मध्येच थांबतो, त्यांनी पुढचं विचारावं म्हणून. ते विचारत नाहीत. वॉशर घेतात आणि जातात. घर चांगलं चाललंय, दुकान चांगलं चाललंय. मला मात्र दुपारी झोप लागत नाही. ओसरीवर कुणी चालत नसलं की मला झोप येत नाही, ही सवय तिनं लावली.

मी तिला चुकून पुण्याला धाडत होतो असं लोक म्हणतात. मी ते मानत नाही. मला ठाऊक होतं तेवढ्यावर शब्द दिला. तिला जास्त ठाऊक होतं, ते तिनं त्या पायरीवर सांगितलं. पण दिलेला शब्द परत घ्यायचं काम मला तोवर कधी करावं लागलं नव्हतं. मांजरसुंब्यात माझी लेक नांदत होती. व्याह्यांचा राग तिच्या अंगावर जाणार, हे मला समजत होतं. भिंगरीला पाठवता आलं नसतं, मुलाला पाठवायचं नव्हतं आणि फोनवर असलं बोलायचं नसतं.

पायरीवरच्या त्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी उठायच्या आत मी धुतलेलं धोतर नेसलो, टोपी घातली आणि पहिल्या गाडीनं गेवराईला गेलो. तिथून बीड, बीडहून मांजरसुंबा. हॉटेलात गर्दी होती. व्याही गल्ल्यावर होते, मला पाहून हसून उठायला लागले. मी म्हणालो, बसा. आतल्या खोलीत चला म्हणाले, तर मी गेलो नाही. चार माणसांत दिलेला शब्द चार माणसांतच परत घ्यायचा असतो. मी टोपी काढून हातात घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

"पाव्हणं, माझी नात पुण्याला येणार न्हाई. ती लांब चालली, तिला जायचं तिथं. माझा शबूद मी माघारी घेतो. राग धरायचा तर माझ्यावर धरा, माझ्या लेकीवर धरू नका."

एक ड्रायव्हर पुरीचा घास हातात धरून माझ्याकडं बघत राहिला. व्याह्यांच्या तोंडावरचं हसू गेलं. लेक आतून दारात आली होती, तिच्याकडं मी पाहिलं नाही. टोपी डोक्यावर घातली आणि रिकाम्या बाकड्यावर बसलो. घालवून दिलं तरच उठायचं, असं मनाशी धरलं.

बऱ्याच वेळानं व्याही गल्ल्यावरून उठले, माझ्या समोर येऊन बसले आणि आत बघून म्हणाले, "दोन चहा."