पालट्या आणि इस्त्रीवाली

इस्त्रीवालीकडे देव आला तो सासूकडून. लग्न होऊन ती घरात आली, तेव्हा सासूने जिन्याखालचा कोनाडा दाखवला आणि म्हणाली, "हा पालट्या. माझ्यानंतर तुझ्या गळ्यात." गळ्यात, हाच शब्द तिने वापरला.

पालट्या म्हणजे दोन्ही हातांत मावेल एवढा वाटोळा दगड. एका अंगाला हसरं तोंड, दुसऱ्या अंगाला रडकं, आणि वर कायम एक जाड फडकं. नशिबाला विटलेली माणसं यायची, डोळे मिटून फडक्याखाली हात घालायची, "कूस बदल रे बाबा" म्हणायची आणि दगड उलटा करायची. कुठलं तोंड वर आलं ते बघायचं नाही. अमुक दे, तमुक दे असंही म्हणायचं नाही. मागायचा तो नुसता बदल. कसला, ते तो ठरवणार. आणि तो पक्का चावट. शेजारच्या न्हाव्याने दुकानात माशा मारून कंटाळून दगड फिरवला, तर दुकान असं चाललं की त्याला स्वतःची दाढी करायला फुरसत मिळेना. एका बाईने सुनेच्या कटकटीपायी फिरवला, तर सून गेली खरी, पण जाताना बाईच्या मुलालाही घेऊन गेली. तरी लोकांची रीघ संपत नव्हती. ज्यांचं बरं चाललं होतं तेही यायचे. ते आत पाऊल टाकत नसत; दारातूनच हात जोडून "आमच्याकडे बघू नकोस" म्हणून सटकत.

राखणाऱ्याने मात्र स्वतःसाठी दगड फिरवायचा नाही. "वाढणाऱ्याने मध्येच घास घेऊ नये," असं सासू म्हणायची.

इस्त्रीवाली लॉन्ड्रीत कामाला होती. दवाखान्यांच्या, लॉजच्या चादरी तिच्याकडे ओल्या-दमट येत आणि घड्या होऊन जात. दिवसभर उभं राहून पाय सुजत, वाफेने तोंड भाजल्यासारखं होई. घरी येऊन देवाचं बघायचं, आणि नवऱ्याचं. नवरा रंगारी होता. एके दिवशी भिंत रंगवताना खाली बसला तो पुन्हा उठलाच नाही. लकव्याने अर्धं अंग गेलं, वाचा गेली. "त्यांना कळत असेलच असं नाही," डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून ती त्याच्यासमोर भिंतीशी बोलावं तशी बोलायची. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्याला सारखं कुशीवर वळवावं लागे. वळवता वळवता ती पुटपुटायची, "सुटा एकदाचे. तुम्हीही सुटा, मलाही सोडवा." त्यात राग नव्हता. दमलेलं माणूस उसासा टाकतं, तसं ते होतं.

एका सुट्टीच्या दुपारी तिने त्याचं अंथरूण बदललं, धुतलेली चादर घातली, आणि पाठ वळते न वळते तोच ते पुन्हा ओलं झालं. ती रडली नाही. हात धुतले, जिन्याखाली गेली, फडक्याखाली हात घातला. "तुला काय करायचं ते कर," एवढंच म्हणाली आणि दगड फिरवला. मग येऊन चादर बदलली.

पुढे काही दिवस काहीच झालं नाही. मग एका सकाळी ती त्याला चमच्याने चहा पाजत असताना कुणीतरी म्हणालं, "गार आहे."

तिने मागे वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

"चहा," नवरा म्हणाला. शब्द जड होता, पण स्पष्ट होता. "गार आहे."

ती उठून चहा गरम करायला गेली. शेगडीपाशी पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, कप खाटेपाशीच राहिला होता.

पहिले काही दिवस कौतुकाचे गेले. मग इतक्या वर्षांचं तुंबलेलं बाहेर पडायला लागलं. उशी दगडासारखी आहे. पडदा नीट लावत नाहीस. न्हाव्याला सांग रेडिओ बारीक कर. ती कामावरून येई तेव्हा तो वाटच बघत असे. लोक चमत्कार बघायला यायला लागले, त्यामुळे गर्दी दुप्पट झाली. नणंदेने काय ते ओळखलं आणि येऊन बोलून गेली, "देवाचा दंडक मोडलास. आता भोग."

"भोगतेच आहे की," इस्त्रीवाली म्हणाली. "यात वेगळं काय?"

एका संध्याकाळी ती त्याला कुशीवर वळवत होती. तो म्हणाला, "आता बोलत नाहीस तू."

"काय बोलू?"

"पूर्वी बोलायचीस. सुटा एकदाचे, म्हणायचीस."

तिचे हात तसेच त्याच्या पाठीवर राहिले. "ऐकू येत होतं तुम्हाला?"

"सगळं."

ती खाटेच्या कडेवर टेकली. मग खाली बघतच ती म्हणाली, "राग आला असेल."

"राग कसला? मीही तेच म्हणत होतो. तुझं निदान ऐकू तरी जात होतं."

तिला हसू फुटलं. ते थांबेना, आणि नंतर ते हसूच आहे की काय, हे दोघांनाही कळेना.

"देव मी फिरवला," ती म्हणाली.

"वाटलंच. पायांचंही बघायला सांगायचं होतंस."

"सांगता येत नाही. ठाऊक आहे की तुम्हाला."

"हो. बेरकी आहे मेला."

दुसऱ्या दिवशी त्याने न्हाव्याला हाक मारून खाट कोनाड्याजवळ सरकवून घेतली. पडल्या जागी तोंड तरी कामाला येईल, म्हणाला. तेव्हापासून देवाचं तो बघायला लागला. येणाऱ्याला आधी बसवून विचारायचा, काय झालं? सगळं ऐकून घ्यायचा, आणि म्हणायचा, "आज घरी जा. पोटभर जेव, झोप. उद्याही वाटलं तर ये, मी कुठे जातोय?" निम्मे लोक परत येत नसत. नणंदेला हे आवडलं नाही; देवाचं गिऱ्हाईक तोडतो, म्हणाली. इस्त्रीवालीचं अंथरूण-पांघरूण काही चुकलं नाही, लॉन्ड्री चुकली नाही. येणाऱ्यांसाठी दाराशी जायचं तेवढं चुकलं.

एकदा लॉन्ड्रीचा बॉयलर बिघडला म्हणून ती भर दुपारी घरी आली आणि खाटेशेजारी जमिनीवरच आडवी झाली. पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. थोड्या वेळाने एक बाई दाराशी आली. "देवाकडे आले होते," म्हणाली.

"आज देव बंद आहे," नवरा दबक्या आवाजात म्हणाला.

"देव कधी बंद असतो का?"

"हा असतो. हळू बोला, माणूस झोपलंय."

बाईने आत डोकावून पाहिलं, आणि ती बाहेर पायरीवर बसून राहिली.