काळ्या स्वेटरचं कोपर

करडेकाका हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव आता त्यांच्या मुलीखेरीज कुणाला आठवत असेल असं वाटत नाही. हे नाव गल्लीनं दिलं. फोटो छापून देणारा हा माणूस गिऱ्हाइकाच्या हातात फोटो ठेवण्याआधी स्वतःच त्यात नाक खुपसायचा आणि पुटपुटायचा, काळा आहे, पांढरा आहे, मधला करडा कुठे गेला? फोटोत नवरा-नवरी नटून उभे, आणि काकांचं लक्ष मागच्या पडद्याच्या चुण्यांवर.

या वेडाची पहिली टिंगल घरातच झाली. काकू दुकानाच्या पायरीवर विणत बसायच्या. अंगात स्वतः विणलेला काळा स्वेटर. त्याचं एक कोपर विरलं तेव्हा काळी लोकर संपलेली, म्हणून तेवढं गडद निळ्या लोकरीनं भरून काढलं. काकांनी त्याच पायरीवर त्यांचा फोटो काढला आणि अंधाऱ्या खोलीत चांगला दणकट काळा छापला. गिऱ्हाइकांना तसाच आवडायचा. काकूंनी तो लांब धरून पाहिला.

"अहो, जगाकडे करडा मागत फिरता. माझं निळं कोपर कुठे घालवलंत ते सांगा आधी."

पुढच्या खेपेला काढून देतो, असं काका म्हणाले. पुढची खेप यायला पंचवीस वर्षं लागली, आणि तोवर काकूंना जाऊन चार वर्षं झाली होती.

झालं असं, की मुलीनं नवं घर घेतलं आणि फोन करून आईचा तो फोटो मागितला. शनिवारी न्यायला येते म्हणाली. वर वडिलांना बजावलं, "बाबा, कोळशाच्या गोणीत बसवलेली आई नको हं मला."

लेक आईवर गेली होती, दुसरं काय.

अंधारी खोली केव्हाच बंद झालेली, आता तिथे छत्र्या आणि मोडका पंखा. टेबलावर शाईचा प्रिंटर. काकांनी निगेटिव्ह स्कॅन केली, तर संगणकाच्या पडद्यावर कोपर दिसलं. काळ्यात किंचित उजळ असं, वाटीएवढं. काका एकटेच हसले. मग कागदावर छापलं आणि कोपर गडप. पडद्याला स्वतःचा उजेड असतो. कागदाला तो मागून आणावा लागतो.

पहिल्या प्रतीत घोटाळा काकांचाच. मॅट कागद घातला आणि प्रिंटरला सांगितलं चकचकीत. काळा रंग ओल्या फडक्यानं पुसल्यासारखा आला. दुसरी हिरवट झाली. तिसरी स्वच्छ उतरली, पण ट्यूबखाली धरली तर कोपर नाही. गेली टोपलीत. मग काका इरेला पेटले. काळा उघडत, म्हणजे फिका करत गेले, थोडा, आणखी थोडा. आठव्या प्रतीत कोपर आलं, पण स्वेटरची राख झाली आणि काकूंचा चेहरा दुखण्यातून उठल्यासारखा दिसायला लागला. तो चेहरा काकांनी शेवटच्या वर्षी रोज पाहिला होता. त्यांनी कागद पालथा घातला आणि बराच वेळ प्रिंटरला हात लावला नाही.

शुक्रवारी दुपारी शेजारचा शिंपी डोकावला. तो कामासाठी कधीच येत नाही, बातम्यांसाठी येतो. आज बातमी नव्हती म्हणून त्यानं टोपली उपसली. तिसरी प्रत हाती लागली, आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं तो ती घेऊन सरळ पायरीवर गेला. दोरा कापडाशी जुळतो का, हे शिंपी दुकानात कधी बघत नाही, दारात बघतो.

"करड्या," तो बाहेरूनच म्हणाला, "वहिनींनी कोपराला दुसरी लोकर वापरलेली रे. काळ्यात मिसळत नाही ही."

काका आतच उभे राहिले. कोपराची गोष्ट त्यांनी या बडबड्याला कधी चुकूनही सांगितली नव्हती. सांगितली असती तर दोन दिवसांत गल्लीभर झाली असती. मग ते बाहेर आले. पायरीवरच्या उन्हात कोपर होतं. त्याच्या भोवतीची वीणसुद्धा होती, आणि काकूंचा चेहरा ठणठणीत, वर टोमणा मारायच्या बेतात असलेला.

"तुझा चष्मा बदल," शिंपी म्हणाला.

"ट्यूब बदलतो," काका म्हणाले. आणि त्यांनी प्रत शिंप्याच्या हातातून काढून घेतली.

शनिवारी मुलगी आली. तिला तिसरीसारखीच नवी छापलेली प्रत मिळाली, सोबत ताकीद की खिडकीजवळच्या भिंतीवर लाव, दिव्याखाली नको. टोपलीतली प्रत काकांनी स्वतःला ठेवली आणि दाराच्या चौकटीशेजारी, पायरीवर बसलं की डोळ्यांसमोर येईल अशी लावली. तिथे ऊन चार वाजेपर्यंतच असतं. तोवर काका गिऱ्हाइकाला थांबायला सांगतात आणि पायरीच्या एका कडेला बसतात. शिंपी येऊन टेकायला गेला तर त्याला दुसऱ्या पायरीवर बसवतात. चारला ऊन सरकतं, कोपर पुन्हा काळ्यात जातं, आणि काका उठून आत जातात. ट्यूब अजून जुनीच आहे.