बेहड्याची ढोली आणि दत्ता वायरमन

दत्ता वायरमन खांबावरून पडला नाही. झाडावरून पडला.

आज वर्ष झालं. अजून लोक विचारतात, "शॉक बसला ना हो त्यांना?"
म्हणून एकदा नीट लिहितो.

अवसरी बुद्रुकमधल्या निम्म्या विहिरींवरच्या मोटारी दत्तानेच जोडलेल्या. कमरेला पट्टा, खिशात टेस्टर आणि तोंडात कायम एखादा टोमणा.
मला 'मास्तर' म्हणायचा. मी दहावी नापास, मंचरला मोटार रिवायंडिंगचं दुकान. पण पक्षी मी पुस्तकं घेऊन, रानात उन्हं खाऊन, स्वतः शिकलोय. कुणी पक्ष्याचं नाव चुकीचं घेतलं की मला राहवत नाही.

त्याला पक्ष्यांचं वेड नव्हतं.
बायको गेल्यावर रविवारी घर खायला उठायचं, म्हणून माझ्या गाडीवर मागे बसायचा.
वहिनी बरेच महिने अंथरुणावर होत्या. शेवटी शेवटी तो त्यांना चमच्याने पेज भरवायचा.
हे आधी सांगतोय, कारण पुढचं सगळं तिथूनच आलं.

डिंभे धरणाच्या वर, अभयारण्याच्या कडेला एक जुना बेहडा आहे. (कमेंटमध्ये लोकेशन विचारू नका. सांगणार नाही.)
त्याच्या ढोलीत राखी धनेशाचं घरटं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: धनेशाची मादी अंडी घालायला ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते, बस. आत तिची पिसं झडतात, उडता येत नाही. नर आणून भरवेल तेच खायचं.

"आन् नर मेला तर?" दत्ताने पहिल्याच दिवशी विचारलं.
मी म्हणालो, मग अवघड आहे.
तो दिवसभर त्या फटीकडेच बघत बसला.

जवळच्या वस्तीवर सखूबाई राहतात. उन्हाळ्यात हिरडा गोळा करतात. त्यांच्या अंगणात आम्ही गाडी लावायचो.
एकदा त्यांनी सुनावलं, "सवताची घरात कोंडून दुसऱ्याची बघाया आलाय व्हय, पावणं?"
मला हसू आलं.
दत्ता म्हणाला, "माजी गेली, मावशे."
सखूबाई आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या.

मग तो रविवार.

हवा कोंडलेली. पान हलत नव्हतं. एरवी पहाटेपासून डोकं उठवणारा तांबटसुद्धा गप्प.
वाटेत मूठभर राखाडी पिसं पडलेली. दत्ता तिथेच थबकला.
मी पिसं हातात घेऊन पाहिली. होल्याची होती, धनेशाची नाही. शिकऱ्याने मारलेला असणार. तसं त्याला सांगितलं.
त्याने एक पीस उचलून खिशात ठेवलं.

त्या दिवशी त्याने लपून बसायला आडोसा म्हणून शेतातली हिरवी नेट आणली होती. बेहड्याला जवळजवळ टेकूनच बांधली. मोबाईलवर जवळून व्हिडिओ पाहिजे होता त्याला.
मी म्हणालो, फार जवळ होतंय. नर येणार नाही.
"तू लई शाणा, मास्तर."

नर आला नाही.

फटीतून चोच बाहेर यायची. उघडायची. मिटायची.
आत जायची. पुन्हा यायची.
ऊन चढलं आणि चोच यायची थांबली.

"मेलाय त्यो, राव," दत्ता म्हणाला.
मी म्हणालो, मेला नाही, आपल्याला बघून लांब बसलाय. नेट काढ, आपण त्या आंब्यामागे जाऊ.
"आन् तवर ती उपाशी?"

घरट्याला हात लावणं गुन्हा आहे, हेही सांगितलं. त्याने मान हलवली. मी पाणी आणतो, आलो की नेट काढू, असं ठरवून मी सखूबाईंकडे गेलो.

परत येताना लांबूनच दिसलं. दत्ता वर. पट्टा खोडाभोवती, शर्टाचा खिसा उंबरांनी फुगलेला. ढोलीच्या बाजूच्या फांदीवर पाय.

जन्मभर खांबावर चढलेला माणूस. त्याला उंचीची भीती नव्हती.
पण खांब आतून कुजत नाही. ढोली असलेलं झाड कुजलेलंच असतं.

मी हाक मारली नाही. दचकेल म्हणून.
फांदीचा आवाज आला. पट्टाही तुटला.

वस्तीवरच्या लोकांनी घोंगडीत घालून त्याला रस्त्यापर्यंत आणलं. जीप मिळाली. डिंभ्याच्या अलीकडे तो गेला.
त्याआधी एकदाच बोलला.
"तिला दे."
उंबरं अजून खिशात होती.

सावडायचं उरकून मी गाडी आणायला वर गेलो. नेट तशीच उभी होती. सोडली, गुंडाळली आणि आंब्यामागे जाऊन बसलो.
थोड्याच वेळात पंखांचा आवाज झाला.
नर आला. फटीतून चोच बाहेर आली. घशातून एकेक उंबर काढून त्याने तिला भरवलं.

मी बरोबर होतो. पिसं होल्याचीच होती. नर नेटमुळेच येत नव्हता.
चुकलो असतो तर बरं झालं असतं, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

काल पुन्हा गेलो होतो. त्याच ढोलीचं तोंड यंदाही लिंपलेलं आहे.
आणि खाली, खोडाला लागून, दोन नव्या नेट. आत कॅमेरे लावून बसलेले पुण्याचे लोक.
हवा तशीच कोंडलेली.
त्यातला एक हळूच म्हणाला, "काका, सकाळपासून नर नाही. मेला वाटतं."


मी त्यांना वर बघायला सांगितलं. मोडक्या फांदीचं खोडाशी राहिलेलं थोटुक दाखवलं. मग दत्ताचं सगळं सांगितलं.
त्यांनी नेट सोडल्या.

नर आला का, ते बघायला मी थांबलो नाही.
आपण थांबलो की तो येत नाही.

दत्ता, तो मेला नव्हता रे.
तिला मिळालं खायला.

तुझ्या मास्तरचा तुला शेवटचा रामराम.