छापलेल्याला नाही म्हणायचं

पौडच्या हायस्कुलात मी इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. पहिल्याच वर्षी माझ्याकडे पस्तिशीचा एक विद्यार्थी आला. डोंगरातल्या एका वाडीवरचे प्राथमिक शिक्षक. घरी मेंढरं. बाहेरून मॅट्रिक झाले होते आणि आता त्यांना बी.ए. व्हायचं होतं. कॉलेजात सगळं इंग्रजीतून चालतं, म्हणून वर्षभर आधीपासून तयारी. मी त्यांना गुरुजी म्हणायचे, ते मला बाई. शिकवणी दर रविवारी सकाळी, शाळेच्या व्हरांड्यात.

व्याकरण त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. नियम पाठ होते, अपवादही पाठ होते. अडायचं ते पुढं. कॉलेजात धड्यावर स्वतःचं मत लिहावं लागतं, असं मी सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"छापल्याल्यावर आपलं कसलं मत?"

"तुम्हाला पटलं नाही तर?"

"मला कोन इचारतंय?"

"परीक्षक विचारतो."

त्यांनी तेही वहीत उतरवून घेतलं.

चार महिने प्रत्येक निबंधाच्या शेवटी एकच इंग्रजी वाक्य यायचं, सुवाच्य अक्षरात: लेखकाचे म्हणणे योग्य आहे. मी वैतागले होते. एका रविवारी घाईत, हाताला लागलं त्या जुन्या वाचनमालेतला धडा दिला. मेंढी हा मूर्ख प्राणी आहे, एक खड्ड्यात पडली की बाकीच्या तिच्यामागे पडतात, असं त्यात होतं.

पुढच्या रविवारी गुरुजींनी अकरा पानं आणली. पहिलंच वाक्य होतं, 'या सद्गृहस्थांनी मेंढरं पाळलेली नाहीत.' मग कळपातली आई आपलं कोकरू आवाजावरून कसं ओळखते, पुढची मेंढी कुठं थांबते आणि का थांबते, सगळं इंग्रजीत. काळ चुकले होते, स्पेलिंगं चुकली होती. मी लाल पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं.

"चुकलं का बाई?"

"पुष्कळ चुकलंय. पण तुम्ही कॉलेजात जा."

त्यांनी बदली पुण्याजवळ भूगावच्या शाळेत करून घेतली. तिथून पहाटे सायकलवर पुण्याला सकाळचं कॉलेज, मग परत येऊन शाळा. पहिला आठवडा संपल्यावर मला सांगायला आले.

"सरांनी इचारलं, काय शंका? मी हात वर क्येला. ते म्हनले, पानी प्यायचं आसंल तर जावा."

"मग?"

"तहान लागलीच व्हती. जाऊन आलो. मग पुन्हा हात वर क्येला."

दुसऱ्यांदा ते इंग्रजीत म्हणाले, सर, मला हे पटत नाही. वर्ग हसला. प्राध्यापकांनी चष्मा काढला आणि का ते विचारलं. गुरुजींचं वाक्य मनात जुळेपर्यंत घंटा झाली. 'उद्या सांगा,' प्राध्यापक म्हणाले. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी सांगितलं.

पहिल्या वर्षी ते इंग्रजीत नापास झाले. दुसऱ्या खेपेला सुटले. थर्ड क्लासमध्ये बी.ए. झाले तेव्हा चाळिशी उलटली होती. पदवीदानाला गेले नाहीत, कारण त्या दिवशी शाळेची तपासणी होती. पदवी पोस्टानं आली. ती दाखवायला ते पौडला माझ्या खोलीवर आले. मी ती दोनदा वाचली. मग ती परत दिली आणि चहा टाकायला आत गेले.