फोटोपुढची पुस्तकं

आदल्या दुपारी मी आणि बायकोनं पुस्तकांना ऊन दिलं. पावसाळा सरला की दर वर्षी हे काम निघायचं. अंगणात बाज टाकायची, मी कपाटातून गठ्ठे आणायचे, तिनं एकेक झटकून आत कडुनिंबाचा पाला घालायचा. मी एक जाडजूड पुस्तक धपकन टाकलं.

"अवो, पाठ मोडंल त्याची. ऊस हाय व्हय, गव्हाणीत टाकायला?"

मी साखर कारखान्यात गव्हाणीवर ऊस ढकलण्यात जन्म काढला, त्यावरून हा टोमणा.

"उसातनं साखर तरी निघती," मी म्हणालो. "ह्याच्यातनं काय निघतं?"

"तुमच्यासारख्याला झोप निघती."

संध्याकाळी सगळं कपाटात लावलं. जेवलो, झोपलो. सकाळी ती उठली नाही.

मी दुसरीपर्यंत शिकलो. सही येते, एसटीची पाटी वाचता येते, संपलं. ती सातवी पास. दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेलो की आमचे लोक एखादं पुस्तक घेऊनच परततात. ही पिशवी भरायची आणि पिशवी माझ्या खांद्याला. गोष्टींची, धम्माची, बायकांनी लिहिलेल्या आठवणींची, कसलीही. तो जाडजूड ग्रंथ मात्र लग्नानंतरच्या पहिल्या फेरीचा. वर्षावासाचे तीन महिने आमच्या विहारात रोज संध्याकाळी तोच ग्रंथ वाचतात. आमच्या गावात वाचायची तीच. मी मागे भिंतीला टेकून बसायचो. झोप लागायची हे खरं, पण डोक्यात जे काही शिरलं ते तिच्याच आवाजात शिरलं. ती गेल्यावर मी तो ग्रंथ नुसता उघडून बसायचो. पान उलटायला ती बोट ओलं करायची, त्यानं कोपरे काळे पडले होते. तिचं दुसरं काय उरलं होतं मला? साड्या लेकीनं नेल्या.

पुढं पुण्यानुमोदन आलं. माणूस गेल्यावर आमच्यात त्या दिवशी वंदना होते, चार लोक बोलतात, आणि काही घरं आलेल्यांना भांड्याऐवजी पुस्तक देतात. पोरानं नगरहून नवी पुस्तकं आणून दाराशी टेबलावर रचली. मला वाटलं, तिची पुस्तकंही तिच्या फोटोपुढं असावीत. मी कपाट रिकामं केलं, चादर अंथरून फोटोखाली मांडली. कुणाला बोललो नाही. सांगायचं काय त्यात?

बोलणं झालं. लोक उठले, फोटोला फूल वाहिलं, हात जोडले, आणि समोरचं एकेक पुस्तक उचलून निघाले. मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कारखान्यातला एक जुना सोबती माझे पाय धरून रडत होता. "सोताच्या घरातली पुस्तकं दिली, बाबा. असा मानूस न्हाई बघितला."

त्याच्यापुढं काय ओरडू, की ठेवा खाली? तिच्या फोटोसमोर? ग्रंथ देवळाली प्रवराच्या माझ्या भाचीनं उचलला. पदरात घेतला आणि गेली.

मांडव सुना झाला तेव्हा टेबलावर नवी पुस्तकं तशीच होती. पोरगा म्हणाला, "आप्पा, लई मोठं काम केलंत." मी आत जाऊन पडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं देवळाली प्रवरा गाठलं. भाची दारात सडा टाकत होती.

"मामा? एवढ्या सकाळी? बरं हाय ना?"

"बरं हाय. चहा पाज."

आत पाटावर ग्रंथ ठेवलेला. खाकी कव्हर घातलेलं, पुढं मेणबत्ती. मी मागायचे शब्द जुळवत होतो, तोवर भाचीच कपबशी घेऊन समोर बसली.

"मामा, आमच्या विहारात वाचायला कोन फुडं यीना. मामीचा ग्रंथ हातात आला न् मला धीर आला. येत्या वर्षावासाला मी बसनार. सगळ्यांना सांगून झालं माजं. तुमी यायचं ऐकायला."

"यीन की."

"पन आज कशाला आलता?"

"तुला बघायला."

चहा प्यालो आणि उठलो. ग्रंथाला हात लावला नाही. लावला असता तर सोडला नसता. स्टँडवर आमच्या गावाकडं जाणारी राहुरीची गाडी लागली होती. कंडक्टरनं हाक मारली, मी मानेनंच नको म्हटलं. गाडी गेली. दुसरी आली, तीही जाऊ दिली. घरी जाऊन करायचं काय होतं?