नवस इथेच फेडायचा

आमच्या घराचा मेझुझा कपाटात होता. मेझुझा म्हणजे दाराच्या चौकटीवर लावायची लहानशी डबी. तिच्यात आमच्या प्रार्थनेचा कागद असतो. जाता-येता तिला हात लावून बोटं ओठांना टेकवायची. ज्यू घराची हीच खूण, म्हणून अबू धाबीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये पप्पांनी ती आईच्या कपाटाच्या दाराला आतून ठोकली होती. शाळेला निघताना मी आधी कपाट उघडायचे, आईच्या साड्यांच्या बाजूने हात घालायचे आणि मग बूट घालायचे. एकदा न्यायला आलेली वर्गमैत्रीण म्हणाली, "यू ऑलवेज फर्गेट समथिंग." मी हो म्हटलं.

व्हिसाच्या फॉर्मवर धर्म लिहावा लागायचा. पप्पांनी ख्रिश्चन लिहिलं होतं. त्यांचं नाव बायबलातलं, आडनावाच्या शेवटी कर, त्यामुळे कोणी काही विचारलं नाही. इथे नोकरी करायची तर दुसरा इलाज नव्हता, असं ते म्हणायचे. असेल. फॉर्मचा राग मी कधीच सोडून दिला. राग आहे तो याचा की पप्पा त्यात रमले. डिसेंबरात आमच्या बाल्कनीतला कागदी तारा सगळ्या बिल्डिंगमध्ये मोठा असायचा. एका नाताळात समोरच्या फ्लॅटमधल्या वसईच्या आंटींकडे जेवण होतं. पप्पांच्या मुसफ्फातल्या वर्कशॉपचे मॅनेजरही आले होते. पप्पांनी कोळंबी वाढून घेतली. ज्या माशाला खवले नाहीत तो आम्ही खात नाही. आईने अंगाला खाज सुटते म्हणून सांगितलं. मी ताटाकडे बघत बसले होते.

"खा गं," पप्पा सगळ्यांदेखत हसून म्हणाले, "लाजतेस काय?"

मी खाल्ली. चव चांगली होती. त्याचाही राग येतो.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले. आमच्यात सांगतात की पूर्वजांची बोट किनाऱ्याजवळ फुटली. सात जोडपी वाचली आणि धर्माची सगळी पुस्तकं बुडाली. पुढे ती माणसं तेलाचे घाणे चालवू लागली, मराठी बोलू लागली, हिब्रू विसरली. एकच प्रार्थना तोंडात राहिली आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा हे राहिलं. गावाने त्यांना नावच दिलं, शनवार तेली. त्यांचा वारस असलेला माझा बाप दर शनिवारी पहाटे कंपनीच्या बसमध्ये बसून मुसफ्फाला जायचा, कारण इथे सुट्टी शुक्रवारची. माझी शाळाही शनिवारी भरायची. मामा इस्राएलला गेले होते. या देशाचे इस्राएलशी संबंधच नव्हते, त्यामुळे त्यांना इथून थेट पत्रसुद्धा जात नसे. आई ते ठाण्याच्या मावशीला पाठवायची आणि मावशी पाकीट बदलून पुढे टाकायची.

मी बारावीत असताना पप्पांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून आईने नवस बोलला, हे चालत घरी आले तर एलियाहू हन्नाबीचा मलिदा करीन. एलियाहू हन्नाबी आमचे संदेष्टे, आमच्या माणसांच्या अडीअडचणीला धावून येणारे. मलिदा म्हणजे गूळ-खोबरं घातलेले भिजवलेले पोहे, वर पाच फळं. पुरुषाने डोक्यावर टोपी घालून मोठ्याने प्रार्थना म्हणायची आणि मग तो सगळ्यांना वाटायचा. वाटल्याशिवाय नवस फिटत नाही.

पप्पा चालत घरी आले. कामावरही जायला लागले. आईने विषय काढला.

"पुढच्या वर्षी ठाण्याला जाऊ तेव्हा करू," पप्पा म्हणाले. "तिथे प्रार्थनेला लागतात ती दहा माणसं तरी मिळतील."

"नवस इथे बोलला. इथेच फेडायचा."

"आणि शेजारी? भिंती बघितल्यास का? पलीकडे कोणी शिंकलं तरी इकडे ऐकू येतं."

"अहो, मी शिंकणार नाहीये. तुम्ही प्रार्थना म्हणणार आहात."

तीन महिने हे चाललं. शेवटी पप्पा तयार झाले, पण त्यांच्या पद्धतीने. शारजात मॅच असलेला शुक्रवार त्यांनी निवडला. खिडक्या बंद, एसी चालू, टीव्हीचा आवाज शेवटपर्यंत वाढवलेला. आईने टेबलावर पांढरी चादर घातली, ताट मांडलं. पप्पांनी टोपी घातली आणि कॉमेंट्रीच्या खाली पुटपुटायला लागले. मी त्यांच्या शेजारी उभी होते आणि मला एक शब्द ऐकू येत नव्हता. चौकार गेला की लोक ओरडायचे, मग ते दोन ओळी जरा मोठ्याने म्हणून घ्यायचे.

तेवढ्यात बेल वाजली. पप्पांनी टोपी काढून खिशात कोंबली आणि मला म्हणाले, "बर्थडे सांग. तुझा बर्थडे."

दारात आंटी होत्या. "काय गं बाय, किती मोठा तो टीव्ही! कोण आउट झाला?"

"आज माझा बर्थडे आहे," मी म्हटलं.

आंटी टाळ्या वाजवत आतच आल्या. पांढऱ्या चादरीवरचं ताट बघून म्हणाल्या, "केक नाय? पोहे कापतेस काय?" आणि आईच्या नवसाच्या ताटासमोर उभ्या राहून हॅपी बर्थडे गायल्या. पप्पाही गायले. प्रार्थनेपेक्षा कितीतरी मोठ्या आवाजात. आंटींनी दोन वाट्या मलिदा खाल्ला, वेलची छान लागतेय म्हणाल्या, माझी पापी घेतली आणि गेल्या.

आईने तोंडात कण घातला नव्हता. ती म्हणाली, "हा मलिदा झाला नाही."

"झाला की! प्रार्थना झाली, वाटला, आणखी काय पाहिजे?"

"बोट फुटली तेव्हा त्यांच्याकडे काय होतं हो?" आई इतक्या शांतपणे बोलत होती की मला भीती वाटली. "पुस्तक नाही, भाषा नाही, गुरू नाही. तरी अख्ख्या गावाला ठाऊक होतं की हे शनिवारी घाणा जुंपत नाहीत. सगळं गेलं त्यांचं, पण लपले नाहीत. आणि आपण एवढ्या वर्षांत काय शिकलो? टीव्ही मोठा करायला?"

"ते गाव होतं. हा व्हिसा आहे," पप्पा म्हणाले. "उद्या खलास म्हणाले तर हिची फी तू भरणार आहेस?"

त्यांचं चुकत होतं असं आजही मला ठामपणे म्हणता येत नाही. म्हणता आलं असतं तर राग कमी झाला असता.

पुढच्या शुक्रवारी आईने पुन्हा पोहे भिजवले. पप्पा उठलेच नाहीत, बेडरूममध्ये पडून राहिले. आईने डोक्यावरून पदर घेतला आणि टीव्ही न लावता प्रार्थना स्वतःच म्हटली. तिला अर्धीच येत होती. आली तेवढी दोनदा म्हटली. मग मलिद्याच्या वाटीवर रुमाल टाकून ती माझ्या हातात दिली. "समोर देऊन ये."

"काय सांगू?"

"काय आहे ते सांग."

मी वर्गात हजेरीलासुद्धा हळू आवाजात ओ देणारी मुलगी. कॉरिडॉर चार पावलांचा होता. आंटींनी दार उघडलं. "परत बर्थडे?"

"मलिदा आहे. एलियाहू हन्नाबीचा. पप्पा बरे झाले म्हणून. आम्ही ज्यू आहोत."

आंटींनी आधी लिफ्टकडे बघितलं, मग माझ्याकडे. वाटी घेतली. "मला काय ठाऊक नाय होतं? कोकणातली बाई आणि कोळंबीला हात लावत नाय!" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण बाय, माझ्याकडे बोललीस ते बोललीस. दुसऱ्या कोणाकडे नको हं."

प्रेमानेच म्हणाल्या. ज्यांना आमच्याबद्दल प्रेम होतं त्यांनीही आम्हाला गप्प राहायलाच सांगितलं. म्हणजे इतकी वर्षं कपाटात हात घालत होतो ते कोणापासून लपून? त्यांना ठाऊक होतं, त्यांना ठाऊक आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि सगळे मिळून तारा लावत होते.

घरी आले. आईने विचारलं, "काय सांगितलंस?"

"मलिदा सांगितलं. आपण कोण तेही."

आई खुर्चीवर बसली आणि सकाळपासूनचा पहिला घास तिने खाल्ला. रडली वगैरे नाही. दुसरा घास घेतला आणि म्हणाली, "गूळ कमी पडलाय. जा, पप्पांना नेऊन दे."

"मी नाही देणार. हवा असेल तर त्यांनी इथे येऊन घ्यावा."

मी मुद्दाम मोठ्याने बोलले होते. बऱ्याच वेळाने पप्पा बाहेर आले. छातीवरच्या टाक्यांच्या जागी हात ठेवून चालायची त्यांना सवय लागली होती. त्यांनी हात पुढे केला. मी ताट मागे घेतलं.

"आधी प्रार्थना म्हणा."

मी बापाशी असं कधी बोलले नव्हते. आई मध्ये पडली नाही. पप्पांनी पलीकडच्या भिंतीकडे बघितलं, मग डोक्यावर रुमाल टाकला आणि फळांवरची प्रार्थना म्हटली, सगळी, चढत्या आवाजात, ऐकू जाईल अशी. मग मी त्यांच्या हातावर मलिदा ठेवला.

प्रार्थनेआधी त्यांनी भिंतीकडे टाकलेली ती नजर मात्र मी अजून माफ केलेली नाही.