शालनचं पितृपक्षातलं घर

विश्रांतवाडीच्या आमच्या जुन्या सोसायटीत शालन तळमजल्यावर भाड्याने राहायची. मूळची यवतमाळकडची. साड्यांना फॉल-पिको करायची, ब्लाउज शिवायची. नवरा बजरंग चाकणला कंपनीत. तिची सगळी गिऱ्हाईकं आमच्याच गल्लीतली, घरातल्या चपला घालून येणारी.

सोसायटी पाडून नवी बांधायचं ठरलं. दसऱ्यापर्यंत घरं रिकामी करायची होती. आम्हा मालकांना बिल्डर दुसरीकडे राहायचं भाडं देणार, भाडेकरूंना नुसतं "निघा". त्यात आम्ही सगळे मालक आसपासच घरं शोधायला लागलो, तशी भाडी भडकली. एजंट शालनला लोहगावच्याही पलीकडची घरं दाखवायचा.

"तिथं माझ्याकडे साडी घेऊन कोण येईल हो ताई?" ती म्हणायची.

तेवढ्यात पितृपक्ष लागला. घर बघणारे सगळे घटस्थापनेची वाट बघत थांबले. शालन मात्र म्हणाली, "ताई, आत्ताच बघते."

"अगं, पंधरवडा आहे. असं करतात का?"

"घटस्थापनेला तुम्ही सगळे याल. मग मला कोण विचारतंय?"

मागच्या गल्लीत ज्ञानदेवकाकांची वरची जागा रिकामी होती. मी सोबत गेले, पण मन कचरत होतं. काकांनी चष्म्यावरून बघितलं.

"बाई, घरी कॅलेंडर आहे ना?"

"आहे की. ते बघूनच आले."

"मग नवरात्रात या. पितृपक्षात माझ्या घरात नवं बिऱ्हाड चालायचं नाही."

"तेव्हा भाडं हेच राहील?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

शालन उठली नाही. "काका, दशमीला माझ्या सासूबाईंची तिथी आहे. माझ्याच हातचं पाणी पिऊन गेल्या त्या. यंदा जुन्या घरी जेवू घातलं, तर पुढच्या वर्षी ढिगाऱ्यात शोधत बसतील मला. त्यांना नवं घर यंदाच दाखवू द्या ना."

काका माझ्याकडे वळले. मी रोज देवळात दिसते म्हणून की काय, मलाच विचारलं, "काय हो, चालतं का असं?"

खरं सांगायचं तर मला ठाऊक नव्हतं. पण म्हटलं, "आपल्याच माणसाला जेवायला बोलवायचंय. त्याला कसला मुहूर्त?"

काकांनी किल्ली काढून टेबलावर ठेवली. "करार अकरा महिन्यांचाच होईल. आणि कपाटं दुपारी ओढत आणू नका. मी झोपतो."

दशमीला काकांनाही जेवायला बोलावलं होतं. अळूच्या भाजीत मीठ कमी आहे म्हणाले आणि खीर दोनदा घेतली. खिडकीशी शिलाई मशीन लागलं होतं. वाढता वाढताच शालनने समोरच्या नम्रताची साडी घेऊन ठेवली, "संध्याकाळी ये गं" म्हणाली.

देव्हारा तेवढा घटस्थापनेपर्यंत बांधूनच ठेव, असं मी तिला सांगितलं. तेवढं तिने ऐकलं.